पितृपक्षात अडकलेला फॉर्म

या, सरका जरा पुढे. मागच्या खुर्चीवर बसलं की कथा कानात शिरते, पोटात उतरत नाही. एक गोष्ट सांगणार आहे. कीर्तनात बुवा थोरामोठ्यांची आख्यानं लावतात. माझं आख्यान माझ्याच चुकीचं आहे, तेव्हा आवाज थोडा खाली राहील. सांभाळून घ्या.

जर्मनीतल्या आमच्या एर्लांगेनमध्ये धम्मदीपा राहते. वृद्धाश्रमात अर्धवेळ काम करते. नवरा उज्ज्वल विद्यापीठात संशोधक होता. करार संपला, तेव्हापासून गोदामात पार्सलं लावतो. दोन मुलं. दोघं राबतात, तरी महिन्याचे शेवटचे आठ दिवस ओढाताण. अशा कमावत्या घरांना इथलं सरकार मुलांमागे दरमहा थोडी भर देतं, किंडरत्सूश्लाग म्हणतात तिला. धम्मदीपाला ते ठाऊक नव्हतं. मीच म्हटलं, "अगं, हक्काचे आहेत, सोडतेस कशाला? ये घरी, फॉर्म मी भरून देते."

ती आली तो अनंत चतुर्दशीचा दिवस, सतरा सप्टेंबर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्या पगाराच्या चिठ्ठ्या, घरभाड्याचा करार, सगळं पसरून आम्ही पानं भरली. तिने सह्या केल्या.

"उद्या ऑफिसला जाताना पोस्टाच्या पेटीत टाकते," मी म्हटलं.

"नक्की ना, ताई? आमच्या कीर्तीच्या शाळेच्या सहलीचे पैसे मी भाड्यातून काढून भरलेत."

"अगं, गेलाच समज."

दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागला. आमच्याकडे त्या पंधरवड्यात नवं काम काढत नाहीत. लिफाफा हातात घेतला आणि मन कचरलं. तिचं काम अडू नये म्हणूनच हो, घट बसले की टाकू, असं ठरवून मी तो देवघराच्या खणात ठेवला. आमच्या ह्यांनी, उल्हासनी, पाहिलं.

"शुभदा, आता फॉर्मचंही श्राद्ध घालणार का?"

"थट्टा नको. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?"

तीन ऑक्टोबरला घट बसवले, लिफाफ्याला हळदीचं बोट लावलं आणि तो पेटीत टाकला. आता ऐका. ही भर अर्ज ज्या महिन्यात पोचतो त्या महिन्यापासून मिळते, मागची मिळत नाही. माहितीपत्रकात तसं होतं. मी वाचलंही होतं. पण माझ्या मनात तिथी होती, महिना नव्हता.

नोव्हेंबरात धम्मदीपा धावतच आली. "जय भीम, ताई! आलं बघा पत्र!"

मी वाचलं. मंजूर. ऑक्टोबरपासून.

"ऑक्टोबर?" ती म्हणाली. "पण आपण तर सप्टेंबरात पाठवलेलं."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "जाऊ दे, इथल्या ऑफिसांचं हे असंच. राहिलं असेल कुणाच्या टेबलावर पडून."

"असेल." तिने पत्राची घडी घातली. "दोन्ही मुलांचे मिळून पाचशे युरोच्या वर होते. बघते, रविवारच्या पाळ्या मागते." मग जाता जाता माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही नसता तर हेही मिळालं नसतं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढचे चार रविवार ती कामावर गेली. मी मोजले. चौथ्या रविवारी आमच्याकडे कीर्तन होतं. हरीशबुवा रंगात आले होते, मी झांज धरली होती. बुवा बोलता बोलता म्हणाले, "उपास आपला असतो बरं का. शेजाऱ्याच्या ताटावर तो वाढू नये." लोक हसले. माझा ठेका चुकला तो चुकलाच. मी झांज खाली ठेवली, कोट चढवला आणि सायकलने थेट वृद्धाश्रम गाठला.

धम्मदीपा मागच्या दारी चादरींची गाडी ढकलत होती. मी सगळं सांगितलं. खण, हळद, ऑफिसवर ढकललेलं खोटं, काही शिल्लक ठेवलं नाही.

तिने गाडी थांबवली. "ताई, आमच्याकडे पितृपक्ष नसतो."

"माहितेय गं."

"माहीत होतं?"

माहीत होतंच. फक्त त्या दिवशी आठवलं नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

"विचारलं असतंत तर मी स्वतः जाऊन टाकला असता," ती म्हणाली. "पेटी आमच्या दारासमोर आहे."

मी पर्समधून सप्टेंबरच्या पैशांचं पाकीट काढलं. तिने ते घेतलं, उघडून मोजलं. "नको म्हणायचा मोठेपणा मला परवडत नाही. माझ्या मुलांचे आहेत." पुन्हा गाडी ढकलू लागली. "आणि मार्चमध्ये मुदत संपतेय, नवा अर्ज करायचाय ना, तो मी भरीन. लायब्ररीत एक बाई मदत करतात. त्या त्याच दिवशी पाठवतात."

"चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली. "चुकलंच."

मार्चमध्ये तिने फॉर्म भरला. मला बोलावलं नाही. रस्त्यात भेटली की जय भीम म्हणते, थांबत मात्र नाही.

तुम्ही हात जोडाल तेव्हा तिच्यासाठी देवाकडे काही मागा, असं म्हणणार होते. नको. तिला न विचारता पुन्हा काही करायला नको. एवढंच करा, कुणी विश्वासाने आपला कागद तुमच्या हाती दिला, की त्या घटकेला माझ्या धम्मदीपाची आठवण ठेवा.