एका पापाची दोन क्षमापत्रं

अपोलोनियाचं तान्हं मूल तिच्याच अंगाखाली चेंगरून गेलं, हे जर्मनीत सॅक्सनी प्रांतातल्या त्या खेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ल्युकास चार महिन्यांचा होता. पहाटे तिला जाग आली, तर तो तिच्या कुशीत गार पडलेला. तेव्हापासून तीन वर्षं ती प्रायश्चित्त म्हणून दर शुक्रवारी पाव-पाण्यावर राहिली आणि चर्चच्या दाराबाहेर उभी राहूनच प्रार्थना ऐकत आली. ती समोरून येताना दिसली की बायका आपली पोरं उचलून घेत.

मग ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत पैसे घेऊन पापांची क्षमापत्रं देणारा फिरता पाद्री गावात आला. अपोलोनियाने दोन बदकं विकली, गुडघे टेकून कबुली दिली आणि शिक्क्याचा कागद छातीशी धरून बाहेर आली. नवरा वेंडेल पायरीवर उभा होता.

"थांब जरा. मलाही आत जायचंय."

"तुम्हाला कशाला? बिअरचं पाप आपले गावचे फादरसुद्धा धुतात."

तो हसला नाही. बऱ्याच वेळाने परतला तेव्हा त्याच्याही हातात कागद होता.

गिरणीपाशी रस्ता सुना झाला, तसा तो थांबला. "अपोलोनिया, त्या पहाटे तुझ्याआधी मी उठलो होतो. पोर माझ्या दंडाखाली गार पडलं होतं. मी त्याला तुझ्या बाजूला सरकवलं."

तिने छातीशी धरलेला कागद खाली घेतला.

"भ्यालो गं. पिऊन आलो होतो ना."

"तीन वर्षं मी दाराबाहेर उभी होते. तुम्ही आतून बघत होतात."

"पाद्रींनी माफ केलंय मला."

"मग झालं की," ती म्हणाली आणि चालू लागली.

घरी तिने रोजच्यासारखी राय धान्याची पेज शिजवली, त्याला वाढली. गावात कुणाला काही सांगितलं नाही. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात वेंडेलला तापाने धरलं. तिने त्याचं सगळं केलं. घाम पुसला, कूस बदलली, चमच्याने पाणी पाजलं.

"तू एकदा म्हण ना, माफ केलं म्हणून," तो रोज म्हणायचा.

ती खरंच तोंड उघडायची. शब्द काही यायचा नाही. नवव्या दिवशी तो गेला. शेजारणी म्हणाल्या, एवढी सेवा कुठल्या बायकोने केली नसेल. अपोलोनिया भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.