शेवग्याचा पाला आणि वैतागलेली ब्युरेट

मित्रांनो, मी एक जुनी ब्युरेट आहे. ब्युरेट म्हणजे काचेची लांब, सडपातळ नळी. अंगावर रेघा आणि बुडाशी तोटी. तोटी फिरवली की थेंब पडतो. माझं कर्तृत्व एवढंच. पण तो थेंब मी मोजून देते, आणि तुमच्या घरच्या नळाला हे जमत नाही, एवढं तरी मान्य करा.

माझा जन्म अंबाल्याचा. भट्टीत तापवून मला ओढून लांब केलं, तेव्हापासून स्वभाव ताणलेलाच आहे. अंगावर शून्य वर कोरलं आणि पन्नास खाली. सगळं जग खालून वर चढतं, मी वरून खाली मोजते. बढती न मिळण्याचं कारण हेच असावं. पुढे पेंढ्यात गुंडाळून मला ग्वाल्हेरच्या एका प्रयोगशाळेत आणलं, लोखंडी चिमट्यात गळा धरून उभं केलं. अजून कोणी 'बस' म्हटलेलं नाही.

इथे माझं काम क जीवनसत्त्व मोजण्याचं. माझ्या पोटात निळा रंग भरतात, खाली चंबूत पानांचा किंवा फळाचा अर्क ठेवतात. निळा थेंब अर्कात पडला की रंग गायब होतो. ही करामत त्या जीवनसत्त्वाची. दुसऱ्याचं गंजणं ते स्वतःच्या अंगावर घेतं, म्हणून त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. प्रत्येक घराण्यात असा एक काका असतो. काका संपला की पुढचा थेंब गुलाबी होऊन तसाच राहतो. तिथे थांबायचं. जितके थेंब जास्त गेले, तितकं जीवनसत्त्व जास्त.

एके काळी माझं फार कौतुक होतं. आवळ्याच्या मोसमात तर मला पाणी प्यायला फुरसत नसे. मग एक मोठं मशीन आलं. त्याला हार घातला, नारळ फोडला, एसीची खोली दिली. आठवड्याभरात ते बिघडलं आणि तेव्हापासून झाकण पांघरून झोपलंय. एसी अजून चालू असतो. माझ्या तोटीला व्हॅसलीन लागतं, तेसुद्धा विहंगच्या ओठांना लावून उरलं तर.

विहंग म्हणजे आमचा नवा संशोधक. मुलगा भला, घरी मराठीच बोलतात, पण दाराबाहेर पाऊल पडलं की त्याची जीभ हिंदीवर घसरते. त्याची सीनियर श्रुती, दर्पण कॉलनीतली. तिला एकच गोष्ट शोधायची होती: शेवग्याच्या रोपांना खतातून जस्त दिलं, तर थंडी सोसताना त्यांच्या पानांत क जीवनसत्त्व जास्त टिकतं का? मागच्या हिवाळ्यात तिची रोपं माकडांनी खाल्ली. माकडं तुकतुकीत झाली, पण त्यांचं मोजमाप कोणी घेतलं नाही. यंदाचा हिवाळा शेवटचा. मार्चमध्ये तिची शिष्यवृत्ती संपणार होती. व्हरांड्यातल्या कुंड्यांवर ती अशी नजर ठेवायची, की रोपांनासुद्धा वाढताना संकोच वाटावा.

जानेवारीत मावसबहिणीच्या हळदीसाठी तिला एक दिवस झाशीला जावं लागलं. तिथून तिचा फोन आला. विहंगनं तो स्पीकरवर टाकला, कारण त्याच्या दुसऱ्या हातात तिळाच्या गजकची वडी होती.

"विहंग, पाला पडायला लागला तर थांबू नकोस हं. लगेच बर्फात ठेव. मी उद्या येऊन रीडिंग घेते."

"जी ताई, हो जाएगा."

मित्रांनो, आपल्या मराठीत पाला म्हणजे पानं. हिंदीत पाला म्हणजे कडक थंडीत गवतावर गोठणारं पांढरं दहिवर. श्रुतीला गळलेली पानं जपायची होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वाल्हेरवर खरोखरच हिंदी पाला पडला.

विहंगला प्रश्न पडला. थंडीपासून वाचवायला बर्फ? पण हे संशोधन आहे, इथे शंका काढणं बरं दिसत नाही. तो स्कूटरवर दौलतगंजच्या बाजारात गेला आणि बर्फाच्या लाद्या घेऊन आला. मग त्यानं एकूण एक रोप कुंडीसकट बर्फात पुरलं. वर पोतं टाकलं, गार वारा लागू नये म्हणून. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. पण माझ्याकडे तोटी आहे, तोंड नाही.

दुपारी श्रुती आली. पोतं उचललं. खाली काळी, लिबलिबीत पानं होती.

"हे काय केलंस?"

"ताई, आपने ही तो बोला था! पाला पडला तर बर्फात ठेव."

"अरे, पाला म्हणजे पानं! पालेभाजी खातोस ना? त्यातला पाला!"

विहंगचा चेहरा पडला. "मला वाटायचं, ती थंडीत येते म्हणून पालेभाजी."

श्रुती बराच वेळ हसली. मग हसता हसता तिनं डोळ्यांतलं पाणी पुसलं, ते काही हसण्याचं नव्हतं.

एका कुंडीतली मूठभर पानं जरा हिरवी उरली होती. तिनं त्यांचा अर्क काढला, मला धुतलं, भरलं. एक थेंब. दुसऱ्या थेंबाला अर्क गुलाबी झाला आणि तसाच राहिला. गोठून पेशी फुटल्या होत्या. काका केव्हाच गेले होते.

त्यांचे मार्गदर्शक माधवराव सर खुर्चीत बसले होते. खुर्चीतून त्यांना मी खालून दिसते, आणि खालून पाहिलं की माझा आकडा वाढतो.

"एक मिलिलिटर तरी गेलंय," सर म्हणाले. "एक म्हणजे साधारण तीन. तीन लिही. परिषदेला निबंध पाठवायचाय."

"दोन थेंब, सर. जरा उठून बघता का?"

"माझे गुडघे बघतेस ना?"

"बरं, मग मीच ती तुमच्या डोळ्यांसमोर आणते. विहंग, ब्युरेट खाली कर."

आता खाली म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. विहंगच्या हिंदी खालीचा अर्थ रिकामी. त्यानं मोठ्या तत्परतेनं माझी तोटी पूर्ण उघडली. सगळा निळा रंग चंबूत, चंबूतून टेबलावर, आणि टेबलावरून सरांच्या पांढऱ्या मोज्यांवर. सर ताडकन उठले. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

"झालं! आता पुरावाच नाही," सर मोजे झटकत म्हणाले. "तीनच लिही."

श्रुतीनं पेन उचललं. हिवाळा वाया गेला होता, मार्च समोर होता, आणि तीन लिहायला असा कितीसा वेळ लागतो? मित्रांनो, माझ्या काचेतून वारा गेल्यासारखं झालं. तिनं तक्त्यात लिहिलं: 'नमुने खराब झाले.' आकड्याचा रकाना तसाच सोडला.

विहंग हळूच म्हणाला, "ताई, तो आकड्याचा खाना... खाली ठेवायचा?"

"हो," श्रुती म्हणाली. "ह्या वेळी तुझा खाली."

मग दोघं बाहेर गेली, कुंड्यांतला बर्फ उपसायला. मला धुवायचं कोणालाच सुचलं नाही. निळा रंग अंगावर सुकतोय, तोटी घट्ट होत चाललीय. म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत तरी विनवते: काम झालं की आम्हा काचेच्या माणसांना लगेच धुवा. आणि एखाद्या दिवशी आमच्याकडून दोनच थेंब आले, तर दोनच लिहा. तिसरा आमच्याकडे नसतो हो.