खेळाच्या सरांचं आणि माझं वैर

मी एक जुना पियानो आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मी गोड बोलणाऱ्यांतला नाही.

मला घडवणाऱ्यांनी लाकूड जिवापाड जपून सुकवलं, एकेक तार हाताने ताणली. शाळेत आलो तेव्हा माझा थाट होता. आलेल्या पाहुण्यांना आधी मला दाखवत. सकाळचं समूहगान माझ्याशिवाय सुरूच होत नसे. मग लाउडस्पीकर आला आणि माझा भाव उतरला.

त्यानंतर आले खेळाचे सर. त्यांना माझ्यात फक्त एक फळी दिसली. ओले बूट, चिखलाचे चेंडू, चहाचा कप, सगळं माझ्या डोक्यावर! एकदा चहा आत सांडला आणि माझ्या मधल्या पट्ट्या चिकटून बसल्या. सरांनी साधं फडकंही फिरवलं नाही.

संगीताच्या बाईंवरही माझा राग होता. बिघडलेल्या पट्ट्या चुकवून त्या कसंबसं वाजवायच्या. मुलं गळत गेली, तरी "पुढच्या वर्षी बघू" हेच पालुपद.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना संगीताच्या खोलीतच गाठलं. खेळाचे सर मागे हाताची घडी घालून उभे होते.

"बाई, गाण्याला मुलं उरलीत कुठे? शाळा उघडली की ही खोली खेळाच्या सामानाला."

"आणि पियानो?"

"जळणाला," सर हसले.

बाई लालबुंद झाल्या. "शाळा उघडेपर्यंत खोली माझी आहे. तोवर याला हात लावून बघा!"

दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन हजर. त्यांची धाकटी बहीण मागोमाग आली. "ताई, सुट्टीत तरी घरी टेक ना!"

"आता टेकले तर कायमचीच टेकेन."

त्यांनी मला उघडून खरवडलं, सूर लावणाऱ्या कारागिराला ओढत आणलं. मुलांच्या गळ्याला न झेपणारी जुनी गाणी टाकून दिली, नवी बसवली, आधी स्वतः घोटली. मग दारोदार फिरून मुलं गोळा केली. एका बापाने "गाण्याने पोट भरतं का?" म्हणून दार अडवलं, तेव्हा बाई कडाडल्या, "मी मुलाला विचारलंय, तुम्हाला नाही!" सुट्टीभर रोज सकाळी वर्ग चालला.

शाळा उघडली. मला न्यायला सर दोन हमाल घेऊन आले, तर खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पहिल्याच ओळीत त्यांची स्वतःची मुलगी!

"तू इथे काय करतेस?"

"गाते, बाबा. आईने पाठवलं."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुम्ही ओरडला असतात."

दारातून मुख्याध्यापक सगळं ऐकत होते. "सर, सामान मैदानाजवळच्या शेडमध्येच राहू द्या," एवढं बोलून ते निघून गेले.

सर बाईंवर उखडले. "माझ्या घरात फूट पाडलीत तुम्ही. हे मी विसरणार नाही."

"नका विसरू," बाई म्हणाल्या. "जाताना दार लावून घ्या."

सरांनी ते असं आपटलं की माझ्या तारा झणझणल्या.

मित्रांनो, सर अजून माझ्याकडे डोळे वटारून बघतात, आणि मीही त्यांना माफ केलेलं नाही. तुम्ही माझ्यावर प्रेम करा, असं माझं म्हणणं नाही. मला वाजवा, दुरुस्त करा, नाहीतर तोंडावर सांगा की नको आहेस. "पुढच्या वर्षी बघू" म्हणत कोपऱ्यात कुजू देणाऱ्यांची मात्र मला सगळ्यांत जास्त चीड येते.