बर्फातला नमुना

देवळीच्या आसपास कोणाची गाय माजावर आली की कृत्रिम रेतनासाठी फोन मलाच येतो. वळूचं वीर्य गारच ठेवायचं असतं, हे मला कोणी शिकवू नये. म्हणून वर्ध्याच्या तपासणी केंद्रात माझाच नमुना द्यायची वेळ आली, तेव्हा मी घरीच बाटली भरली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि बायकोला घेऊन एसटीत बसलो. केंद्राने दिलेला सूचनांचा कागद वाचा तरी, असं काजल वाटेत म्हणाली. मी म्हटलं, हे माझं रोजचं काम आहे.

केंद्रातल्या माधवी मॅडमनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि सांगितलं, एकही शुक्राणू हलत नाही. मूल होत नाही म्हणून आजवर औषधं, काढे, सगळं काजलनेच घेतलं होतं. माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं.

मग मॅडमना डबा दिसला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. माणसाचा नमुना उबेतच आणायचा असतो, गारठ्याने वीर्याचा रस आणखी घट्ट होतो म्हणाल्या, आणि नमुना अंगाच्या उबेवर आणून पुन्हा पाहिला. मलाही पाहू दिलं.

काही शेपट्या वळवळत होत्या. जिवात जीव आला. पण डोकं जरा पुढे सरकायचं की मागे ओढलं जायचं. मॅडम म्हणाल्या, रस चिकट आहे, ढकलला की ताणला जातो आणि परत येतो. शिवाय एवढ्या बारीक जीवाला हा रस मधासारखा दाट, शेपूट थांबली की तो जागच्या जागी थांबतो. पायडल सोडलं तरी सायकल चालत राहते, मग हे का थांबतात? माझं डोकंच चालेना. जिवंत आहेत, हलतात, आणि तिथेच आहेत. दोष माझा, रसाचा, की बर्फाचा? आज काहीच सांगता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. पुन्हा या, नमुना इथेच द्या.

काजलही भिंगावर वाकून बराच वेळ पाहत राहिली. मी हळूच म्हटलं, घरी सांगू, रिपोर्ट आला नाही.

"इतके वर्षं मलेच दवा पाजली," ती म्हणाली. "तुमच्याकडं आज पहिल्यांदा कोणी पाह्यलं, अन् तेबी तुमी बर्फात घालून आणलं."

"मग आईले काय सांगू? मलेच काही समजून नाई राह्यलं."

"मलेबी नाई समजलं," काजल म्हणाली. "पण आजपासून मी काढा पीत नाई."