पेवावरची खुर्ची

ब्लॉकचे साहेब बुधवारी येणार, अशी दवंडी कोंडीराम कोतवालानं दिली. त्याच संध्याकाळी ईटजवळच्या त्या वाडीत बातमी पसरली, की सरकार आंधळे-पांगळे उचलून नेतंय. कुठं, ते कुणालाच सांगता येईना. त्यामुळं सगळ्यांचा विश्वास बसला. ग्रामसेवक दत्तोपंतांच्या फॉर्मात तसा रकाना होताच. निजामाच्या अमलात लेव्हीवाले आधी ज्वारी मोजायचे आणि मग न्यायचे. सरकार मोजतं ते नेतं, एवढं राजकारण वाडीला कळत होतं.

लेव्हीच्या वेळी ज्वारी जमिनीखालच्या पेवात लपली, रझाकारांच्या वेळी माणसं. आता राज्य तिसरं आलं होतं, पेव तेच होतं.

अयोध्याचे पाय लहानपणी तापात गेलेले. वय पस्तीस, चालणं हातांवर. बारवेच्या पायऱ्या बसत बसत उतरून, झाकणाची चरवी गळ्यात अडकवून, रोजचं पाणी ती स्वतः आणायची. बुधवारी सकाळी धाकट्या भावानं, श्रीमंतनं, तिला पेटत्या दिव्यासकट दोरानं लिंबाखालच्या रिकाम्या पेवात सोडलं.

"आक्का, तोंडावरची शिळा अर्धी उघडी ठेवतो. दिवा बारीक झाला तर हाक मार."

पेवात हवा कोंडते. दिवा विझला तर माणसानं आत थांबायचं नसतं, हे तिथं पोराटोरांना ठाऊक. दोराचं वरचं टोक लिंबाच्या मुळीला बांधून श्रीमंत सभेला गेला. सभा मारुतीपुढं होती.

पण मारुतीपुढं ऊन होतं. साहेबांना सावली हवी होती, आणि लिंबाखाली एक सपाट शिळा होती, जरा सरकलेली. कोंडीरामानं ती नीट सरकवली, वर सतरंजी टाकली आणि सतरंजीवर खुर्ची मांडली.

अयोध्याला फक्त अंधार झालेला कळला.

मग आवाज आले, घोंगडीतून यावेत तसे.

"साहेब, खुर्ची मारुतीकडं घेऊ का?" हा श्रीमंत.

"नको, इथं बरंय."

"इथं मुंग्या लई हायेत, साहेब."

"चावल्या तर सांगेन." लोक हसले. श्रीमंतचा आवाज पुन्हा आला नाही.

हाक मारावी, तर गाडीत घालून नेतील. न मारावी, तर... तिनं दिव्याकडं पाहिलं. ज्योत हरभऱ्याएवढी झाली होती. वर दत्तोपंत वाचत होते, "अंध शून्य, पंगू शून्य, मुके शून्य."

"वा! निरोगी गाव."

दत्तोपंत पुढं वाचू लागले, "पाण्यात पाय बुडतात, म्हणून नारूचा रोग होतो. सबब बारवेच्या पायऱ्या बुजवून छातीएवढा कठडा आणि वर रहाट."

छातीएवढा. उभ्या माणसाच्या. अयोध्या त्या कठड्याखालून वर बघत बसणार होती, पाण्यासाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडं, मरेपर्यंत. तेवढ्यात दिवा गेला.

छातीवर कुणी जातं ठेवावं तसं झालं. तिनं चाचपडत दोर धरला. पायांत बळ नव्हतं, पण आयुष्यभर हातांवर चाललेल्या बाईचे दंड होते. डोकं शिळेला लागेपर्यंत ती चढली आणि कपाळानंच धडका देऊ लागली.

खुर्ची हलली. साहेब टुणकन उठले. "भूकंप?"

"आक्का!" श्रीमंतनं खुर्चीसकट सतरंजी ओढली.

बाहेर काढलेल्या बाईचे ओठ काळेनिळे पडले होते. दत्तोपंत फॉर्म चाळत म्हणाले, "साहेब, ही यादीत नाही."

"यादीत नसेना का. माझ्या खुर्चीखाली होती ना?"

अयोध्यानं धापा टाकत विचारलं, "मला... न्यायला आलाव व्हय?"

साहेबांनी जीपकडं पाहिलं. मागं चुन्याची पोती, मोजणीची साखळी आणि पोत्यांवर शिपाई. "कुठं बसवू, बाई?"

कुणी हसलं नाही. तिला तर ते मुळीच खरं वाटलं नाही. तरी तोंडातून निघून गेलं, "पायऱ्या बुजवा. नारू मलाबी नकोय. पर एका अंगाला कठडा बसत्या माणसाएवढा ठेवा. वढायला हात हायेत माझं."

"आराखडा मंजूर झालाय, बाई," दत्तोपंत म्हणाले.

"बांधलाय का?"

दत्तोपंतांनी साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "माप घ्या हिचं."

शून्य खोडून एक झाला. तेवढ्यात कोंडीराम खाकरला. "साहेब, आमची म्हातारी माळ्यावर हाय. दिसत न्हाय तिला." मग दोन हात वर झाले, मग आणखी एक. दत्तोपंतांना रकाना पुरेना.

टेप घेऊन ते जवळ आले, तशी अयोध्या हातांवर मागं सरकली. सरकार मोजतं ते नेतं. तिनं दोराचं मोकळं टोक श्रीमंतच्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधलं, लिंबाकडचा दोर स्वतःच्या मुठीत आवळला आणि डोळे मिटून ताठ बसली.

"मोजा," ती म्हणाली.