पांढरी राहिलेली पट्टी

“अक्कल गहाण टाकलीस का गं? माणूस मारशील एखादा. चालती हो इथून!”

टेबलावरच्या फोनमधून आमच्या मुख्य सिस्टरांचा आवाज येत होता. समोर चौकशीचे तीन साहेब, एका बाजूला खुद्द सिस्टर, दुसऱ्या बाजूला मी, मांडीवरचा रुमाल चोळत. फोन माझाच होता.

आमचं खातं इस्पितळाच्या तळघरात. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, ट्रेमध्ये लावून कापडात बांधायची, वर चिकटपट्टी लावून सही करायची आणि वाफेच्या मशीनमध्ये घालायची. वाफ नीट लागली की पट्टीवरच्या पांढऱ्या रेघा काळ्या होतात. “तोंडाने सांगू नकोस, पट्टी दाखव,” असं सिस्टर रोज म्हणायच्या. दहा वर्षं ऐकून माझे कान किटले होते. त्यांचं बोलणं तिखट आणि मला चारचौघांत बोललेलं फार लागायचं. घरी थोरल्या जावेपुढे मी रोज रडगाणं गायचे.

“रडतेस काय? फोनमध्ये भरून घे तिचं बोलणं,” ती म्हणाली.

महिनाभर ॲप्रनच्या खिशात फोन चालू ठेवून मी हिंडले. हाती काय लागलं? ‘हात धू.’ ‘चिमटा उलटा ठेवलास.’ ‘जेवलीस का?’ जाऊ ऐकून खो खो हसली. “ही तर तुझी आईच निघाली!” राग जावेचा यायला हवा होता, मला तो सिस्टरांचा आला.

मग तो दिवस उजाडला. त्या दिवसाचं पहिलं वाक्य माझं होतं. “सिस्टर, सकाळचा लहान ट्रे मशीनमध्ये घालायचाच राहिला. मी तसाच वर ऑपरेशनला पाठवला.” त्यावर त्या बोलल्या ते बोलल्या, आणि एरवी गुडघा धरून चालणारी ती बाई लिफ्टची वाट न बघता चार मजले चढून गेली. कुणी उघडायच्या आत ट्रे परत घेऊन आली.

फोन खिशात चालूच होता. संध्याकाळी मी त्यातलं माझं वाक्य कापलं आणि उरलेलं सिस्टरांविरुद्धच्या तक्रारअर्जासोबत दिलं.

“सिस्टर, याच्या आधी काय बोलणं झालं होतं?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

सिस्टरांनी खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी त्याच टेबलावर गेली असती. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

“आठवत नाही,” त्या म्हणाल्या.

कुठल्या ट्रेमध्ये किती कात्र्या हे झोपेतून उठवलं तरी सांगणारी बाई म्हणत होती, आठवत नाही. ‘साहेब, मी सांगते,’ एवढंच मला म्हणायचं होतं. मी रुमाल चोळत राहिले. त्या रुमालाची मला अजून लाज वाटते.

निवृत्तीला सात महिने उरलेले असताना सिस्टरांची बदली चादरी-टॉवेलांच्या कोठारात झाली. जावेने माझी पाठ थोपटली. मला जेवण गेलं नाही.

जाताना त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. “वरच्या कप्प्यात तुझी एक वस्तू आहे. घेऊन टाक.”

“सिस्टर, माझं चुकलं…”

“मशीन बघ आधी,” त्या म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

कप्प्यात पाकीट होतं. आत त्या लहान ट्रेची पट्टी. तिच्यावर तारीख, माझी सही आणि सगळ्या रेघा पांढऱ्या. त्यांनी ती त्याच दिवशी सोडवून ठेवली होती. चौकशीला गेल्या तेव्हा पाकीट इथेच ठेवून गेल्या होत्या.

मशीनची घंटी वाजली. मी ट्रे बाहेर काढले. सगळ्या रेघा काळ्याभोर झाल्या होत्या. सवयीने मी पट्टी दाखवायला मागे वळले. खुर्ची रिकामी होती.