माझे न उघडलेले चार स्क्रू

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका. बहुतेक जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी मालकाचं भलं चिंतून मोकळ्या होतात. माझं मन एवढं मोठं नाही.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चार जाड तारा, लांब दांडी आणि भरीव, जड लाकडाचं अंग, अशी मी. साध्या गिटारीपेक्षा माझा आवाज बराच खालचा. गाणं चालू असताना माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण मी थांबले की गाणं पोकळ वाटायला लागतं. कौतुक गाणाऱ्याच्या वाट्याला आणि भार माझ्यावर, असा तो कारभार. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटण्यासारखं पुढे पुष्कळ घडलं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका टोकाला सुतारकाम, दुसऱ्या टोकाला रंगकाम, आणि खिडकीपाशी काही बायका चुंबकांवर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळत बसलेल्या. त्या गुंडाळीला पिकअप म्हणतात. तारांची थरथर तोच पकडतो. माझा पिकअप ज्या बाईच्या हातून झाला तिला त्या दिवशी सर्दीने बेजार केलं होतं. शिंक आली की तिचा हात हलायचा आणि तार जराशी वेडीवाकडी बसायची. पुढे मोठमोठे जाणकार माझ्या आवाजातल्या उबेबद्दल डोळे मिटून बोलत, तेव्हा मला त्या बाईचं लाल नाक आठवायचं. शेवटी एका माणसाने माझी दांडी अंगाला मागून चार स्क्रूंनी घट्ट बसवली आणि मला पुढच्या टेबलावर सरकवलं.

माझा पहिला मालक हॉटेलात वाजवणारा. त्याने मला कसंही वापरलं. दारावर आपटलं, भिजवलं, एकदा तर जळती सिगारेट तारांच्या टोकाला खोचून विसरला, त्याचा डाग अजून आहे. पण संध्याकाळ झाली की त्याचा हात माझ्यावर असायचाच. तो गेल्यावर मी त्याच्या मुलीच्या घरी, चौथ्या मजल्यावर, कपाटाच्या बाजूला उभी राहिले.

तिथे मला घुम्या भेटला. हे त्याचं खरं नाव नव्हे. माणूस मुलखाचा अबोल, म्हणून मित्रांनी ठेवलेलं ते नाव. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी तिघा मित्रांबरोबर एका भाड्याच्या हॉलमध्ये गाणी वाजवायचा. त्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करताना उघड्या दारातून त्याने मला पाहिलं आणि तो खुळावलाच. मग लिफ्ट वारंवार बिघडायला लागली. बटण नीट लागतंय का बघतो, दार अडकत नाही ना बघतो, असं काहीबाही सांगत तो चौथ्या मजल्यावर यायचा आणि पाणी मागून माझ्यासमोर उभा राहायचा.

शेवटी ती मुलगी हसत म्हणाली, "अहो, आमची लिफ्ट इतकी वाईट नाहीये. घेऊन जा एकदाची. बाबांनाही आवडलं असतं."

घुम्याने मला जिन्यावरून खाली नेलं. स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टवर त्याचा त्या दिवशी विश्वास नव्हता. माझ्यासाठी एवढं कुणी घाबरलेलं मी प्रथमच पाहत होते. मला फार सुख वाटलं होतं, हे कबूल करते.

घरात तो आणि त्याची आई, दोघंच. आईने सारी उमर बाटल्यांच्या कारखान्यात काढलेली. पट्ट्यावरून काच काचेला आपटत जायची, आणि त्या खणखणाटाने तिचे कान कायमचे नेले होते. दोन खोल्यांच्या त्या घरात मुलगा मुळात बोलत नसे, आणि बोलला तरी आईला ऐकू येत नसे. दोघं खाणाखुणांवर भागवत. पहिल्याच दिवशी घुम्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाजवायला लागला, आणि भाजी चिरता चिरता आईने सहज माझ्या अंगावर तळहात टेकला.

ती दचकली. मग तिने सुरी बाजूला ठेवली.

"थांबू नको रे," ती म्हणाली. "हे माझ्या हाडापर्यंत येतंय."

तेव्हापासून तो त्यांचा नेमच झाला. कामावरून आला की हात धुऊन तो मला मांडीवर घ्यायचा आणि आई खुर्ची ओढून शेजारी बसायची. तिचा हात माझ्या अंगावर, त्याची बोटं माझ्या तारांवर. ती मधेच म्हणायची, "हे कालचं नव्हे," किंवा "आज घाईत आहेस." आणि तिचं बरोबर असायचं. मित्रांनो, मायलेकांमधलं बोलणं माझ्यामधून जात होतं. एका लाकडाच्या तुकड्याने आणखी काय मागावं?

मग एक जाणकार आला.

जुन्या वाद्यांचे फोटो काढत फिरणारा हा गृहस्थ घुम्याच्या मित्राच्या, ढोल-झांजांचा संच वाजवणाऱ्या वकिलाच्या, ओळखीचा होता. त्याने मला टेबलावर पालथं घातलं, खिशातून भिंग काढलं आणि त्या चार स्क्रूंवर नाक टेकवून बराच वेळ बघत राहिला.

"हिचे स्क्रू कधी उघडलेच नाहीत," तो कुजबुजला. "कडेचं पॉलिश बघा, जसंच्या तसं आहे. अशी शोधून सापडत नाही. हिला जपा. एक लक्षात ठेवा, हे स्क्रू एकदा फिरले की हिचं मोल संपलं."

मला त्या क्षणी कोण अभिमान वाटला! आजवर सगळे माझ्या आवाजाचं कौतुक करत, आता पाठीचंही कौतुक झालं. मी मूर्खासारखी फुशारले. दुसऱ्या दिवशी घुम्या कामावरून आला, त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि मला मांडीवर घेतलं. आईने नेहमीप्रमाणे हात पुढे केला.

"आई, अंगठी!" तो ओरडला.

तिला ऐकू कुठलं येणार? तिने हात टेकवलाच. तेव्हा त्याने तिचं मनगट धरून हात उचलला, तिच्या मांडीवर नेऊन ठेवला, आणि बाहीने माझं अंग पुसलं. आईने एकदा आपल्या अंगठीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. ती अंगठी तिच्या बोटातून निघत नव्हती, सांधे सुजले होते. तिने खुर्ची जागेवर नेऊन ठेवली आणि पुन्हा कधी ती माझ्याजवळ ओढली नाही.

त्यानंतर माझी बडदास्त काय विचारता! मऊ फडकी आली, आतून मखमल लावलेली पेटी आली. पाहुणे आले की पेटी उघडायची, मला पालथं घालायचं आणि चार स्क्रू दाखवायचे. माझी पुढची बाजू, जिथून आवाज निघतो ती, मखमलीत तोंड खुपसून पडलेली असे. त्याच्या अबोल तोंडाला आता वाचा फुटली होती, पण ती माझ्या पाठीवर.

इथे एक गोष्ट समजून घ्या. माझ्या तारा रात्रंदिवस दांडीला ओढत असतात. ती ओढ सहन व्हावी म्हणून दांडीच्या आत एक लोखंडी कांब बसवलेली असते. दांडी वाकली की ती कांब जराशी पिळायची, दांडी सरळ होते. पण माझ्यासारख्या जुन्या घडणीत त्या कांबेचं तोंड अंगाच्या आत दडलेलं. तिथवर पोचायचं तर चारही स्क्रू काढून दांडी उतरवावी लागते. आणि माझी दांडी हळूहळू वाकायला लागली होती.

दांडीवरच्या पडद्यांपासून, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, तारा उंच झाल्या. त्या दाबायला जोर लागायला लागला. घुम्याची बोटं दुखायला लागली, मनगट धरायला लागलं. हॉलमध्ये त्याचा ताल मागे पडू लागला. वकील एकदा वाजवता वाजवता थांबला.

"घुम्या, झोपलास काय रे? आम्ही पुढे गेलो की."

"बोटं ऐकत नाहीत," घुम्या म्हणाला. "वय झालं बहुतेक."

त्याला खरंच तसं वाटत होतं. रोज लिफ्टच्या खड्ड्यात उतरून मणामणाची वजनं हलवणारा माणूस, त्याने चार तारांपुढे हार मानली आणि दोष स्वतःला दिला. तेव्हा मला त्याची कीव आली. शेवटी वकिलानेच आम्हाला वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्याने माझ्या दांडीवरून एक डोळा मिटून पाहिलं आणि हसला.

"काही नाही हो, वाकलीय. चार स्क्रू काढतो, कांब पिळतो, परत लावतो. चहा सांगा तोवर."

"स्क्रूला हात लावायचा नाही," घुम्या म्हणाला.

"मग कुठून करू? तोंडाने फुंकर मारून?"

"हात लावायचा नाही."

वकील वैतागला. "अरे, वाजवायला आहे ना ती?"

घुम्याने मला पेटीत घातलं, कडी लावली. मी आतून ओरडत होते, काढू दे रे, चारच तर स्क्रू आहेत! पण माझा आवाज तारांमधून निघतो, आणि तारांना त्या वेळी कुणी हात लावलेला नव्हता.

पुढच्या सुट्टीला वकिलाने हॉलमध्ये एक नवी बास आणून ठेवली. पोपटी रंगाची, पिसासारखी हलकी, खेळण्याच्या दुकानातून आणल्यासारखी. "ही वाजव तोवर," तो म्हणाला. त्या दिवशी मी कोपऱ्यात उघड्या पेटीत होते, म्हणून सगळं पाहिलं. घुम्याने नाक मुरडत तिला गळ्यात अडकवलं. दोन गाण्यांतच त्याची मान डोलायला लागली. तिसऱ्या गाण्यात तो चक्क हसला. बोटं म्हातारी झाली नव्हती, हे त्याला कळलं. मग दोष कुणाचा, हा प्रश्न त्याने फार सोप्या रीतीने सोडवला.

घरी येऊन त्याने मला काढलं, एक ओळ वाजवली आणि थांबला. मी जीव तोडून वाजले होते. उंच तारांनी जमेल तेवढं सगळं दिलं होतं. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"काय बघितलं होतं मी हिच्यात?" तो स्वतःशीच म्हणाला. आवाजात राग नव्हता. रागावला असता तर मी आशा धरली असती. त्याने मला व्यवस्थित पुसलं, व्यवस्थित ठेवलं आणि पेटी पलंगाखाली सरकवली. प्रेम आटलेल्या माणसाइतकं नीटनेटकं कुणी वागत नाही.

पोपटी बास घरीच राहायला आली. एके संध्याकाळी घुम्याने पेटी बाहेर ओढून उघडली होती, विकायला काढण्याआधी माझे फोटो काढायचे म्हणून. ते झाल्यावर तो स्टुलावर बसून त्या पोपटी बयेला वाजवायला लागला. आई भांडी विसळून आली आणि जरा लांब उभी राहिली. त्याने मान वर करून तिला पाहिलं आणि पायाने खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली. बिचकत बिचकत तिने हात पुढे केला. मी उघड्या पेटीतून पाहत होते. मला खात्री होती, तिचा चेहरा पडेल. तिला कळेल की हे ते नव्हे. ती म्हणेल, जुनी काढ.

तिची अंगठी पोपटी रंगावर टकटक वाजली. लांब ओरखडा उठला. तिने घाबरून हात मागे घेतला.

"राहू दे गं आई," घुम्या तिचा हात धरून परत जागेवर ठेवत म्हणाला. "ओरखड्याने काय होतंय?"

आईला शब्द ऐकू आले नसतील, पण तिला कळलं. तिने अख्खा तळहात टेकवला आणि डोळे मिटले. "आलं," ती हसून म्हणाली. "आलं रे, हाडापर्यंत."

मित्रांनो, त्या दिवशी मी संपले. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती जादू माझ्या लाकडात आहे, शिंकणाऱ्या बाईने गुंडाळलेल्या त्या तारेत आहे. तसं काही नव्हतं. एक हात लावू देणारं वाद्य हवं होतं, एवढंच.

मला एका दातांच्या डॉक्टरने विकत घेतलं. तो आला, पालथं घालून स्क्रू बघितले, खूश झाला. घुम्याने तेवढ्यात प्रामाणिकपणा दाखवला. "वाजवायला जड जाईल हं," तो म्हणाला.

"छे, छे," डॉक्टर हसला. "मला कुठे वाजवता येतं?"

दोघांनी हात मिळवले. मला नेताना आईने विचारलंही नाही की पेटी कुठे चालली आहे. पलंगाखाली जागा झाली म्हणून ती झाडू घेऊन आली.

आता मी दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, काचेच्या कपाटात असते. कपाटासमोर दात दुखणारी माणसं गाल धरून बसलेली असतात. माझ्यावर खास दिवा लावला आहे. दांडी आणखी वाकली आहे, पण ते पाठीमागून दिसत नाही, आणि मला पाठमोरंच ठेवलं आहे.

घुम्याला मी माफ केलेलं नाही. पण तुमच्याशी माझं वैर नाही, म्हणून सांगते. तुमच्या घरात एखादं जुनं वाद्य, सायकल, शिवणयंत्र असेल, तर ते वापरा. बिघडलं तर उघडा, स्क्रू काढा, नवे लावा. ओरखडे पडतील, पडू द्या. आणि ज्या दिवशी तुम्ही तुमच्या जिवाभावाच्या माणसाचा हात एखाद्या वस्तूवरून उचलून बाजूला ठेवाल, त्या दिवशी समजून जा: त्या वस्तूवरचा तुमचा हातही आता फार दिवस राहणार नाही.